पाहुणीबाईंचा स्वेटर

मित्रांनो, मी तान्ह्या बाळांचं वजन करणारा एक जुना काटा आहे. वर पत्र्याचं पसरट ताट, खाली तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई, एवढाच माझा संसार. कारखान्यात मापं ठेवून मला तपासणारा म्हणाला होता, "हा खोटं बोलणार नाही." त्याचा मला फार अभिमान होता. खरं बोलूनही समोरच्याची फसगत होते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

गल्लीतल्या एका दवाखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. कितीतरी बाळं माझ्यात निजली, रडली, मला भिजवून गेली. "बाळसं धरलंय हो," असं डॉक्टर म्हणाले की आई खुलायची आणि माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग ती आली. विणकाम करून घर चालवणाऱ्या बाईंची लेक. कधी कान फुटलेला, कधी छाती भरलेली, कधी तोंडात पांढरा थर. औषधाने बरी व्हायची आणि औषध संपलं की पुन्हा हजर. "आल्या पाहुणीबाई," कंपाउंडर हसून म्हणायचा. हळूहळू डॉक्टरही तिला त्याच नावाने हाक मारू लागले. नाव लाडाचं होतं, पण पाहुणीला 'का आलीस' असं कोण विचारतं? तिच्या आजीने तर निकालच देऊन टाकला होता, "हिचा कोठाच सर्दीचा."

प्रत्येक दुखण्यानंतर आई तिच्या अंगावर एक लोकरी कपडा वाढवायची. वजन करताना म्हणायची, "स्वेटर नका काढू, गारठेल."

"राहू द्या," डॉक्टर म्हणायचे. मग सुई पाहून, "वाढतंय की वजन."

लोकर वाढत होती, मित्रांनो. पोर घटत होती. माझ्या पत्र्याला तिची हाडं कळत होती. पण मला आकडा सांगता येतो, तो कशाचा ते सांगता येत नाही. एकदा मी जीव तोडून सुई थरथरवली. डॉक्टर म्हणाले, "हा काटा म्हातारा झाला वाटतं." मी काय करणार होतो?

एके सकाळी खोकता खोकता ती माझ्यातच ओकली. कपडे भिजले, म्हणून काढावे लागले. डॉक्टरांनी बरगड्या पाहिल्या, पुन्हा वजन केलं. सुई किती मागे गेली ते पाहून ते खाली बसले.

"हिच्या आधी कोणी होतं?"

"मुलगा होता. असाच सारखा आजारी. तापात गेला. सगळे म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं."

तो मुलगाही माझ्यातच निजायचा. डॉक्टरांच्या मात्र तो लक्षात राहिला नव्हता.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ही नुसती नाजूक नाही. रोगाशी लढायचं बळच हिच्या अंगात तयार होत नसावं. मला आधीच सुचायला हवं होतं. मोठ्या इस्पितळात रक्त तपासू. तोवर गर्दीत नेऊ नका आणि विचारल्याशिवाय कुठलीही लस देऊ नका."

आई ओला स्वेटर हातात धरून उभी होती. "मी तर तिला जपत होते हो," ती म्हणाली.

त्यानंतर पाहुणीबाई दिसल्या नाहीत. विजेवर आकडे झळकवणारा नवा काटा आला आणि मी कपाटावर गेलो. ती आहे की नाही, हे मी धुळीला विचारणार होतो का?

बऱ्याच काळाने एक मुलगी आली, कापडाची बाहुली घेऊन. दर महिन्याला इस्पितळात शिरेतून औषध घेते, जन्मभर घ्यावं लागेल, असं आई सांगत होती. कंपाउंडरने मला खाली उतरवलं. मुलीने आधी बाहुलीचा इवलासा स्वेटर काढला, मग तिला माझ्यात ठेवलं. बाहुली इतकी हलकी की माझी सुई हललीही नाही. मला मात्र भरून आलं.

मित्रांनो, कुणी मूल पुन्हा पुन्हा आजारी पडत असेल, तर त्याला लाडाचं नाव देऊन गप्प बसू नका. का, ते विचारा. आणि माझ्यासारख्या मुक्याच्या हवाली करण्याआधी त्याचा स्वेटर काढा. तिच्या भावाचा कुणीच काढला नव्हता.