मध्यभागी आणलेला बुडबुडा

मी एक जुनी पाणसळ आहे. मित्रांनो, गवंडी ओटा सपाट आहे का ते जिने पाहतो, तीच. पण माझी काच जास्त लांब आणि माझा बुडबुडा फार हळवा. ज्वालामुखीच्या उतारावरच्या वेधशाळेत, तळघरातल्या सिमेंटच्या ओट्यावर मला बसवलं. जमीन केसभर कलली, तरी बुडबुड्याने उंच बाजूकडे सरकून सांगायचं, एवढंच माझं काम.

डोंगराखाली आगीचं तळं असतं, असं वाटतं ना तुम्हाला? तसं नसतं. काही कोस खोल असतो स्फटिकांचा दाट, तापलेला रेंदा आणि त्याच्या फटींत थोडा वितळलेला खडक. तो वर्षानुवर्षं नुसता पडून असतो. मग खालून नवा, जास्त गरम रस शिरतो, वायू कोंडतो आणि डोंगराचं पोट फुगायला लागतं, उतार कलतो.

माझी देखभाल करणारे एकच तंत्रज्ञ, फार टापटिपीचे. रोज सकाळी काच पुसायचे. बुडबुडा सरकलेला दिसला, की ओटा खचतोय म्हणत स्क्रू पिळून तो मध्यभागी आणायचे आणि वहीत ‘ठीक’ लिहायचे. वेधशाळेच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. कशाबद्दल? मला रोज गप्प बसवल्याबद्दल.

एकदा तंत्रज्ञांची थोरली बहीण डबा घेऊन आली. ती उताराच्या पायथ्याशी राहायची. विहिरीचं पाणी कोमट लागतंय, घरं सोडायची का असं गल्ली विचारतेय, म्हणाली. तंत्रज्ञांचा हात स्क्रूवरच होता.

“रोज पिळतोस?” तिने विचारलं.

“रोज.”

“आणि तो रोज डोंगराकडेच पळतो?”

“ताई, ओटा म्हातारा झालाय. तुझ्यासारखाच कुरकुरतो.”

“मी कोंबड्या घेऊन निघते बाबा.”

“खुशाल जा. गल्लीला मात्र सांग, यंत्र ठीक आहे.”

तिने निरोप जसाच्या तसा सांगितला आणि निघाली. गल्लीने तिच्या पावलांपेक्षा भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी डोंगर फुटला. राखेचा लोट वेधशाळेला वळसा घालून उतरला, म्हणून आम्ही वाचलो. आधीच निघालेली ताई वाचली. तिच्या शेजारची सात घरं माणसांसकट राखेखाली गेली.

रोजच्या त्या केसभर कलण्याची बेरीज कोणीच केली नव्हती. मी बोलत होते, तेही एकच वाक्य, महिनोन्‌महिने.

आता तंत्रज्ञ काच पुसतात, पण स्क्रूला हात लावत नाहीत. ताई अजून डबा आणते. भावाशी बोलण्याआधी माझ्यावर वाकून बघते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, झाका, जपा. पण आम्ही कललो, तर किती आणि कुठे कललो ते आधी लिहा. सरळ नंतर करा.