डाव्या हाताची नखं

तिन्हीसांजेला नखं कापू नयेत आणि कापलेली नखं दुसऱ्याच्या घरात सोडू नयेत, असं माझी आई सांगायची. का, असं विचारलं की म्हणायची, "सांगितलं तेवढं ऐक." मी दिल्लीत वाढलेला, फरीदाबादला सरकारी कंपनीत इंजिनिअर, असल्या गोष्टींना हसणारा माणूस. हसलो आणि फसलो.

तीस वर्षं मी इलेक्ट्रिक गिटार वाजवली. लग्नातलं संगीत, रात्रभर देवीची भजनं चालणारे जगराते, मंडळाचा गणपती, ऑफिसची पार्टी. जिथे वीज आणि जेवण मिळेल तिथे आमचा ऑर्केस्ट्रा उभा. ऑर्केस्ट्राचा मालक गुणवंत मला एकच गोष्ट सुनावत आला. "सुधन्वा, तिसरी ओळ आली की तुझ्यामागे कुत्रं लागतं का रे?" तिसऱ्या ओळीला मी घाई करतो, हे खरंच. जित्याची खोड, दुसरं काय.

मग पन्नाशी उलटल्यावर क्लासिकल गिटारचं खूळ कशाला? तर एका चालीसाठी. माझी बायको स्वरूपा स्वयंपाक करताना शिट्टी वाजवायची. कुठल्या गाण्याची नाही, तिची स्वतःचीच एक चाल. पहिली ओळ शिट्टीत व्हायची, मग आमटीचं मीठ बघायला ती थांबायची, आणि तेवढ्यात मी बाहेरच्या खोलीतून गिटारवर दुसरी ओळ द्यायची. उत्तराला उशीर झाला तर ती झारा आपटायची. घरात वाढदिवसांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण स्वयंपाकघरातली शिट्टी कोण रेकॉर्ड करतं? ती गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दिवेलागणीला तिच्या फोटोसमोर बसून दोन्ही ओळी मीच वाजवत आलो. दिवसभरात तेवढीच पाच मिनिटं मला घर आपलं वाटायचं.

आमच्या मुलीचं, अवनीचं, लग्न ठरलं. जानेवारीतला रविवार, गोरज मुहूर्त, फरीदाबादलाच हॉल. तिने पुण्याहून फोनवर फर्मान काढलं.

"बाबा, मी स्टेजवर येताना आईची चाल वाजव. बँड नको, डीजे नको, फक्त तू. आणि प्लीज यार, ती जगरात्याची गिटार नको. काहीतरी सॉफ्ट. आपण रेकॉर्डपण करू."

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. ती चाल नायलॉनच्या तारांवर, नुसत्या बोटांनी, हळू वाजवायला हवी होती. म्हणून मी शिक्षक शोधायला लागलो, आणि मंडळातल्या कुणीतरी साळवेबाईंचा पत्ता दिला.

दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे, रिज नावाच्या जंगली टेकडीच्या उतारावर त्यांचं जुनं बैठं घर आहे. बाईंचं घराणं नगरकडचं ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिकवायला दिल्लीला आले आणि इथलेच झाले. बाई ऐंशीच्या असतील. ताठ बसणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आणि मला मिस्टर कर्णिक म्हणणाऱ्या. रस्ताभर माकडांनी उच्छाद मांडलेला असायचा, पण बाईंच्या कुंपणावर एकही माकड नसायचं. पहिल्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती, काढून घेतलं. "हे आता लागणार नाही." डाव्या पायाखाली छोटं स्टूल दिलं, गिटार डाव्या मांडीवर ठेवली आणि तर्जनी, मध्यमा, तर्जनी, मध्यमा अशी एकच तार तासभर छेडायला लावली. तीस वर्षं स्टेज गाजवलेला माणूस मी, पहिलीतल्या मुलासारखा घामाघूम झालो. उजव्या हाताची नखं वाढवायची, बाईंनी सांगितलं, ती तार छेडायला. डाव्या हाताची मात्र मांसापर्यंत कापायची. तार दाबताना नख मधे येता कामा नये.

बाहेर अंधारून आलं होतं. बाईंनी दिवा लावला, माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि नेलकटरने स्वतःच नखं कापली. त्यांचे हात गार होते. आईचं बोलणं आठवलं, पण ऐंशी वर्षांच्या शिक्षिकेला 'अहो, तिन्हीसांज झाली' म्हणायचं कसं? भिडस्तपणा नडला. कापलेली नखं आणि माझं प्लेक्ट्रम त्यांनी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर ठेवला. तिथे तसे पुष्कळ डबे होते, आणि प्रत्येकावर नाव.

"डबा तुमचाच आहे, मिस्टर कर्णिक. हवा तेव्हा उचलून घरी न्या. आजवर कुणी नेला नाही, एवढंच."

दर रविवारी चार वाजता मी जायला लागलो. जुन्या काळच्या स्पॅनिश उस्तादांनी शिकाऊ मुलांसाठी लिहिलेले छोटे छोटे धडे असायचे. धडा बसला की दिवा लागायचा आणि नखं कापली जायची. मी झपाट्याने शिकत होतो. बाई म्हणायच्या, "तुमचा हात चांगला रिकामा होतोय." मला वाटलं, शाबासकी आहे.

आधी जगरात्याची भजनं गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. गुणवंतच्या बोलावण्यावरून एका कार्यक्रमाला उभा राहिलो तर बोटं तारांवर नुसती ठेवलेली. मी हसण्यावारी नेलं. पीडा टळली म्हटलं. मग ऑफिसच्या पार्टीत चिराग नावाच्या आमच्या ज्युनिअरने फर्माइश केली, लग्नाच्या वरातीत मी हजारदा वाजवलेल्या गाण्याची. ते गाणं माझ्या तोंडात होतं, हातात नव्हतं. "सर, मूड नहीं है क्या?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी धडा वाजवत असताना बाईंच्या आतल्या खोलीतून तेच वरातीचं गाणं ऐकू आलं. कुणीतरी गिटारवर अगदी हळू वाजवत होतं. दार बंद होतं. तिसरी ओळ आली आणि वाजवणाऱ्याने घाई केली.

जगात ती घाई एकच माणूस करतो, आणि तो त्या वेळी स्टुलावर पाय ठेवून बसला होता.

"बाई, आत कोण आहे?"

"आत कुणी नाही. मी एकटीच राहते," त्या म्हणाल्या. "मनगट सैल सोडा."

शहाण्या माणसाने तिथूनच पळ काढला असता. मी राहिलो, कारण लग्नाला थोडेच आठवडे उरले होते आणि घरी स्वरूपाची चाल नव्या गिटारवर कधी नव्हे इतकी सुंदर वाजत होती. शिवाय ती मी बाईंच्या घरी एकदाही वाजवली नव्हती. जे तिथे नेलंच नाही ते तिथे राहील कसं, असा माझा इंजिनिअरचा हिशोब होता.

लग्नाच्या आदल्या पंधरवड्यात, एका सोमवारी, मी नेहमीसारखा फोटोसमोर निरांजन लावून बसलो. पहिला सूर कुठला, तेच आठवेना. एक चाल होती, तिला दोन ओळी होत्या, हे आठवत होतं. चाल आठवत नव्हती. इलेक्ट्रिक गिटार काढली, तिच्यावरही नाही. तीस वर्षं देवासारखा मानलेला माझा डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, आणि मी त्याच्याकडे बघून लहान मुलासारखा रडलो.

अवनीला फोन केला. म्हटलं, "बेटा, आईची चाल जरा गुणगुण ना, कॉर्ड बसवायचेत."

ती हसली. "अरे बाबा, मला पहिली ओळच येते. पुढची तर तू वाजवायचास ना!" तरी तिने पहिली ओळ गुणगुणली. मी डोळे मिटून ऐकली. फोन ठेवेपर्यंत ओंजळीतलं पाणी गळावं तशी ती निघून गेली. पुन्हा गुणगुणायला लावली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "बाबा, तू बरा आहेस ना?" मी बिल्कुल म्हणालो.

लग्नाच्या आधीचा रविवार आला. मी मेट्रोत उभ्या उभ्याच भांडणाची तयारी केली. डबा उचलायचा, बाईंना चार शब्द सुनावायचे आणि पुन्हा त्या घराचं तोंड बघायचं नाही. धुकं इतकं होतं की हिंदूरावच्या चढावर रिक्षावाला दिवे लावून चालला होता. मी फाटक उघडलं, आणि आतल्या खोलीतून ती चाल ऐकू आली.

गिटारवर नाही. शिट्टीत.

पहिली ओळ पूर्ण झाली. मग ती थांबली. आमटीचं मीठ बघायला लागतो तेवढाच वेळ थांबली, मग आणखी थोडा, आणि मग आत कुठेतरी झारा आपटला.

मी आतल्या दाराकडे धावलो आणि ते उघडलं. खोली रिकामी होती. एक खुर्ची, खिडकी, खिडकीबाहेर धुकं. दार लोटून घेतलं तशी शिट्टी पुन्हा सुरू झाली, हातभर अंतरावर, दाराच्या पलीकडे.

"डबा तुमचाच आहे," बाई मागून म्हणाल्या.

मी फळीवरचा डबा उचलला. हातात घेताच डाव्या हातात ऊब आली, बोटं आपोआप वळली, आणि चाल आठवली, दोन्ही ओळी, सगळी. त्याच क्षणी आतली शिट्टी अर्ध्या सुरावर तुटली. मी कान देऊन उभा राहिलो. नुसतं घर, नुसतं धुकं. माझ्याकडे आता उत्तर होतं आणि पलीकडे विचारणारं कुणी नव्हतं. मी डबा खाली ठेवला. चाल हातातून गेली, आणि आत स्वरूपाने पहिली ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

डबा कुणीच का नेला नाही, ते मला कळलं. फळीवरच्या त्या सगळ्या नावांची मला फार कीव आली.

खिशात फोन वाजला. अवनी होती. मागे बायकांचा गलका, कुणीतरी मेंदीवाली शोधत होतं.

"बाबा, साउंडवाला विचारतोय, गिटारसाठी माइक लावायचा ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईची चाल वाजेल तेव्हाच मी खोलीतून निघणार, त्याआधी नाही."

दाराआड ओळ संपली आणि स्वरूपा थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं. मला माझी लाज वाटली, इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. डबा हाताशी होता. उचलून चालू लागायचं, एवढंच होतं.

"हो बेटा," मी म्हणालो. "लावायला सांग माइक."

फोन खिशात ठेवला आणि स्टुलावर डावा पाय ठेवून बसलो. धडा झाला. बाईंनी दिवा लावला. मी न सांगता डावा हात पुढे केला. कापण्यासारखं नख उरलं नव्हतं, तरी त्या कापत राहिल्या. दुखत होतं, पण झारा आपटला की मला हसू येत होतं.

"पुढचा रविवार सोडायचा ना, मिस्टर कर्णिक?" बाईंनी विचारलं. "मुलीचा गोरज मुहूर्त आहे म्हणाला होतात."

"नाही," मी म्हणालो. "चारला येतो."