टिकलीखालचा डाग

सुगीच्या दिवसांत वैजयंतीच्या कपाळावर, टिकलीखाली, डाळीएवढा पांढरा डाग उठला. आरशात तो दिसला आणि तिला झुंबरआत्या आठवली.

झुंबरआत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. अंगावर कोड फुटलं म्हणून नवऱ्याने अवसरी बुद्रुकला माहेरी आणून सोडलेली. गोठ्याशेजारच्या छपरात राहायची. बाई अशी ठणठणीत, की दोन बायांचं काम एकटी उपसायची. पण ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि तिच्या हातचं पाणी मरेपर्यंत कुणी प्यायलं नाही.

मरून वर्षं लोटलेली ती आत्या आता पेठला, वैजयंतीच्या सासरी आली. वैजयंती बाजरी पाखडायला बसली की पाठीशी कुणीतरी टेकल्यासारखं वाटे. वळून बघावं तर कुणी नाही. भूतबित काही नव्हतं हो, निव्वळ भीती होती. पण भुताला निदान अंगारा तरी लावता येतो, भीतीला काय लावणार?

तिने मंचरच्या बाजारातून मोठी टिकली आणली. डाग तिच्याही बाहेर डोकावला. मग आणखी मोठी आणली. झोपतानाही काढायची नाही, नवऱ्याला दिसलं तर?

नवरा ज्ञानेश्वर चेष्टा करी, "लई मोठी टिकली लावतीस राव. देवीच झालीस जणू!"

ती हसायची आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. एवढी धडधाकट बाई, पण घास उतरेना. हळदीकुंकवाला जाणं तर बंदच झालं.

सगळ्यात हाल झाले ते प्राचीचे. चिमुरडी लेक गळ्यात पडायला आली की वैजयंती दटावायची, "लांब हो! मला शिवायचं न्हाई, सांगून ठेवते." आधी पोर रडली, मग तिने हट्ट केला, मग गप्प झाली आणि आजीच्या कुशीत झोपायला लागली.

शिमग्याच्या सुमारास प्राचीचा खोकला हटेना. सासू साळुबाईने तिला कडेवर घेतलं आणि तिघी मंचरला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीला औषध दिलं आणि आईकडे निरखून पाहिलं.

"टिकली काढा बघू."

वैजयंतीने आधी सासूकडे पाहिलं, मग दाराकडे. सासूदेखत तिने टिकली काढली.

"रात्रीपण चिकटवता ना? अहो, त्या डिंकाने रंग गेलाय. चिकटवणं बंद करा, बहुतेक हळूहळू भरून येईल."

"म्हंजे कोड न्हाई?"

"नाही. आणि असतं तरी काय? कोड शिवल्याने लागत नाही."

वैजयंतीच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. पण एस.टी.त बसल्यावर तिला अवसरीचं ते छप्पर दिसायला लागलं. शिवल्याने लागत नाही. म्हणजे आत्याला उगाचच तिथे ठेवलं होतं, घराला लागून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

घरी पोचताच तिने मोकळ्या कपाळाने ओसरीवर बसकण मारली आणि दोन्ही हात पसरले.

"प्राची, ये गं माझ्याजवळ."

प्राची आजीच्या लुगड्याआड सरकली.

"ये की बाळा. आता काय न्हाई व्हत."

पोरीने हात पाठीमागे लपवले. मग, मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तशी, ती आईची समजूत घालू लागली, "नगं आई. तुला शिवायचं न्हाई."