आधी फिरवा, मग बोला

मित्रांनो, मी एक जुने सेंट्रिफ्यूज आहे. नाव जड वाटले तर सोडून द्या. रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरायचे, एवढेच माझे काम. दातांच्या दवाखान्यात, बेसिनशेजारच्या ओट्यावर मी बसलेले असते. माझ्या झाकणावर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही. ज्यांचा तो कप, त्यांचीच ही गोष्ट.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसे कमी बोलत. माझ्या पोटातली चकती बसवणारी बाई ती बोटाने हलकेच फिरवायची आणि कान लावून ऐकायची. जराशी खरखर आली की सगळे पुन्हा उघडायची. शेवटी "हं, आता ठीक," एवढेच म्हणून तिने मला खोक्यात भरले. जगात सगळी माणसे अशीच असतात, असा माझा समज झाला. दवाखान्यात पाऊल पडताच तो धुळीला मिळाला.

आमचे डॉक्टर उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतात. मला आणले त्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. सगळ्या फोटोंत माझे झाकण उघडे आहे आणि त्यांचे तोंडही. मला कसे वापरायचे हे शिकायला ते दूरच्या शहरात जाऊन आले होते. तिथून त्यांनी काय आणले म्हणाल, तर एक प्रमाणपत्र, एक नवा कोट आणि एक भाषण.

आता माझे काम नीट ऐका. दाढ काढली की तिथे खड्डा पडतो. त्यात जंतू शिरले तर जखम चिघळते. म्हणून रुग्णाच्या हातातून थोडे रक्त घ्यायचे आणि लगेच मला द्यायचे. मी फिरले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर पाणी वर राहते आणि मधे एक मऊ, फिकट गोळा तयार होतो. त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. तो दाबून चपटा करायचा आणि साफ केलेल्या खड्ड्यात बसवायचा. जखम भरायला त्याची मदत होते, जंतूंनाही थोडा आळा बसतो. औषधे तरीही घ्यावीच लागतात, मी काही जादूगार नाही. मात्र या रक्तात ते गोठू नये म्हणून काहीही घातलेले नसते. नळीत पडल्या क्षणापासून ते गोठायला लागते. तेव्हा आधी फिरवायचे, मग काय बोलायचे ते बोलायचे.

आमचे डॉक्टर आधी बोलत. नर्सताईंनी रक्त काढले रे काढले, की हे नळी हिसकावून घेत आणि दिव्यापुढे धरत.

"हे बघा! तुमचंच रक्त, तुमचंच औषध! बाहेरचं काही नाही! मी शिकायला गेलो होतो ना, तिथले मोठे सर मला म्हणाले..."

मग मोठे सर येत, त्यांनी दिलेली शाबासकी येई, विमानातली खिडकीची जागा येई. तोवर नळीतले रक्त गोठून बसलेले असे. ते मी फिरवून काय दिवे लावणार? हाती लागे एक लिबलिबीत लाल गोळा. तोच चिमट्यात धरून डॉक्टर मान डोलवत. धडधाकट तरुणांच्या जखमा तशाही भरतात, त्या भरत. कौतुक डॉक्टरांचे होई आणि त्या आनंदात गरम चहाचा कप माझ्या डोक्यावर आदळे. मित्रांनो, या माणसाची मला मनापासून किळस येत असे.

मग आत्या आल्या. डॉक्टरांची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्यांनी त्यांना लहानाचे मोठे केले. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या शिकवतात. मुले त्यांच्या ओठांकडे टक लावून बसतात आणि बोललेले ओळखतात. आत्यांना मधुमेह आहे, त्यात दाढ पार किडली होती. घरचेच माणूस म्हटल्यावर डॉक्टरांना चेव चढला. नळी हातात घेऊन त्यांनी भाषण दुप्पट केले. लाल गोळा खड्ड्यात गेला आणि आत्या घरी गेल्या.

त्या परत आल्या त्या गाल धरूनच. गाल टम्म सुजला होता, जखमेतून पू येत होता. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनबाईंना फोटो पाठवून फोन लावला.

"जंतू हाडाकडे निघालेत," त्या म्हणाल्या. "आजच नीट साफ करा, औषध बदला. तरी उतरलं नाही, तर जबड्याचा तुकडा काढावा लागेल."

"मग चेहरा?"

"थोडा वाकडा होईल. जीव महत्त्वाचा ना?"

आत्यांनी सगळे ऐकले होते. कसेबसे तोंड उघडून त्या म्हणाल्या, "अरे, तोंडच वाकडं झालं तर माझी मुलं ओठ कसे वाचणार?"

मला आत्यांसाठी फार वाईट वाटले.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन खरवडून साफ केला. तेवढे त्यांना येते, उगाच खोटे कशाला बोलू? आत्यांच्या तोंडात बोळे होते. नर्सताईंनी रक्त काढले. आणि काय सांगू, या महाशयांनी पुन्हा नळी दिव्यापुढे धरली!

"आत्या, घाबरू नकोस हं. हे बघ, तुझंच रक्त..."

आत्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी मोकळा हात उचलला आणि पंजा सरळ डॉक्टरांच्या तोंडावर दाबून धरला. वर डोळे असे वटारले की डॉक्टर एकदम शाळेतले पोर झाले. आत्यांना रक्ताचे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना ती बडबड सहन होत नव्हती, इतकेच. नर्सताईंनी डॉक्टरांच्या हातातून नळी काढून घेतली, माझ्या पोटात ठेवली, तोल सांभाळायला समोर पाण्याची नळी लावली आणि बटण दाबले. मी जीव ओतून फिरले.

झाकण उघडले, तर मधोमध तो फिकट, घट्ट गोळा. डॉक्टर पाहतच राहिले.

"अरेच्चा! हा असा दिसतो?" ते म्हणाले.

इतकी वर्षे मला वापरणारा माणूस हे विचारत होता!

नवे औषध, रोजचे धुणे, साखरेवर लक्ष आणि तो गोळा, सगळ्यांनी मिळून काम केले. सूज उतरली, हाड वाचले. आत्या पुन्हा शाळेत जाऊ लागल्या आणि मुले त्यांचे ओठ वाचू लागली. मला वाटले, आता तरी डॉक्टर शहाणे होतील. कसले काय! त्यांनी आत्यांची गोष्ट भाषणात घातली. "माझ्या सख्ख्या आत्याचा जबडा मी वाचवला," असे सांगताना नळी हातातच असते. त्यात तोंडावरच्या पंजाचा उल्लेख नसतो. भाषण आता पूर्वीपेक्षा लांबले आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मला पुसायला नर्सताई समर्थ आहेत. काळजी तुम्ही तुमची घ्या. कधी तुमच्या हातातून असे रक्त काढले आणि नळी धरून कोणी भाषण सुरू केले, तर मोठ्या माणसाला कसे थांबवायचे म्हणून लाजू नका. तुमचा दुसरा हात मोकळाच असतो. तो उचला आणि त्याच्या तोंडावर ठेवा.