पुस्तकाच्या गटातली ताई

दवाखान्याच्या जिन्याखाली लावलेला तो कागद आधी ताईनेच पाहिला होता. ही गोष्ट तिने पुढे इतक्या जणांना इतक्यांदा सांगितली, की तिचा नवरा तिने तोंड उघडताच म्हणायचा, "हो, कागद तूच पाहिलास."

गुडघेदुखीवर गोळ्या-औषधांशिवाय काय चालतं, याचा अभ्यास सुरू आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. पन्नाशीपुढच्या लोकांनी नाव नोंदवावं. ताई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिचे गुडघे सहा वर्षं दुखत होते. धाकट्या बहिणीचेही दुखायचे, पण दोनच वर्षांपासून, आणि ताईच्या मते तेवढे नाहीत. दोघी मिळून कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायच्या. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, पडदे, शाळेचे गणवेश. चाळीस वर्षं पायाने मशीन मारून गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. धाकटीला सगळे चिमी म्हणत. चोपन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी, तरी चिमीच.

"चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली.

"मी कशाला? माझं एवढं काही नाही."

"सोबत म्हणून चल गं. तिथे बसून कंटाळा येतो."

अशी चिमी सोबत म्हणून गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिचाही गुडघा दाबून पाहिला, जिना चढताना काय होतं ते विचारलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही बसता की यात." दोघींची नावं लिहिली गेली. एका घरात राहता का, असं त्यांनी विचारलं. दोघी नाही म्हणाल्या आणि ते खरंच होतं. दिवसभर एका दुकानात बसता का, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं समजावलं. दोन गट होणार. एका गटाला वर्षभर आठवड्यातून तीन दुपारी व्यायामाचा वर्ग. दुसऱ्या गटाला माहितीचं पुस्तक आणि पंधरा दिवसांनी एक फोन. कोण कुठे जाणार ते संगणक ठरवणार, त्यात कुणाचा हात नाही. गोळ्या टाळायच्या, घेतलीच तर वहीत लिहायची. मोजणीआधी दोन दिवस तर अजिबात नाही. आणि वर्गातल्यांनी तिथलं काही पुस्तकवाल्यांना शिकवायचं नाही, नाहीतर कशाचा गुण आला तेच कळणार नाही.

मग मोजणी झाली. हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते मोजायचं. ताईचं सात वेळा झालं, चिमीचं आठ वेळा.

दोन दिवसांनी फोन आला. चिमीला वर्ग. ताईला पुस्तक.

"संगणकाने ठरवलं गं," चिमी म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच ओशाळला होता, आणि ताईला तो ओशाळलेला चेहराच जास्त झोंबला.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आई आजारी पडली तेव्हा शाळा सोडून मशीनवर कोण बसलं, तर ताई. चिमीची शाळा पुरी झाली. ताईला नवरा मिळाला तो दिवसाला चार वाक्यं बोलणारा. चिमीचा नवरा दुकानात येऊन गिऱ्हाइकांनासुद्धा हसवायचा. चिमीने कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

पुस्तक चाळीस पानांचं होतं. वजन आटोक्यात ठेवा, चालत राहा, धीर सोडू नका. मुखपृष्ठावर एक बाई खुर्चीत बसून हसत होती. ताईने ते एकदा वाचलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर टाकून दिलं. पंधरा दिवसांनी फोनवर एका बाईंनी विचारलं, "वाचलंत का?" ताई म्हणाली, "पाठ झालंय."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीनला चिमी कात्री खाली ठेवायची, पदर खोचायची आणि जायची. पाचला परत यायची ती गाल लाल करून. वर्गात दहाजणी होत्या. व्यायाम घेणारे सर विनोद करायचे. संपल्यावर सगळ्या मिळून चहा प्यायच्या. व्यायामाच्या पट्टीचं पिवळं रबर ओढता ओढता चिमी चौथ्या आठवड्यात लाल रबरावर गेली. लाल जास्त कडक असतं म्हणे.

"रबर ओढायला तीन-तीन दिवस जावं लागतं का?" ताईने विचारलं.

"नुसतं रबर नाही गं. अजून बरंच असतं."

"काय असतं?"

चिमीने कात्री उचलली. "सांगायचं नाही म्हणून सांगितलंय ना."

ताईने मान खाली घालून टीप मारायला घेतली. ती टीप वाकडी गेली आणि सगळी उसवावी लागली. सख्खी बहीण, एकाच आईच्या हाताखाली शिवण शिकलेली, आणि आता तिच्याकडे ताईपासून लपवायची गोष्ट होती. नियम आहे हे ताईला कळत होतं. पण कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

आठव्या आठवड्यात चिमी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून पडद्याच्या कापडाचा तागा काढून आली. कशाला धरलं नाही, की तोंडातून हुं निघालं नाही. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "वा, धाकट्या बाई तरुण व्हायला लागल्या." ताई हसली. त्या संध्याकाळी ती घरी जाताना तीन ठिकाणी थांबली, गुडघा धरून.

बाराव्या आठवड्यात दुसरी मोजणी होती. चिमीची मंगळवारी, ताईची गुरुवारी. मंगळवारी चिमी परत आली आणि ताईने विचारलं, तेही सुई ओवता ओवता, सहज विचारल्यासारखं.

"किती?"

"बारा," चिमी म्हणाली. खूप आनंद झाला की ती आवाज उलट बारीक करायची. तसाच बारीक केला होता.

गुरुवारी सकाळी ताईने नवऱ्याचं कपाट उघडलं. दात काढला तेव्हाच्या दुखण्यावरच्या गोळ्या त्यात शिल्लक होत्या. तिने दोन घेतल्या, वर पाणी प्यायली आणि वहीत काही लिहिलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघा जणू दुसऱ्याच कुणाचा झाला होता.

मोजणी करणाऱ्या नर्सने नेहमीसारखं आधीच बजावलं, "तुम्ही कोणत्या गटात आहात ते मला सांगू नका." मग घड्याळ सुरू केलं. ताई उठली, बसली, उठली. दहाव्या वेळी आत काहीतरी करकरलं. तिने दात आवळले. बारा झाले. तेरा. चौदाव्यांदा ती उठली आणि घड्याळ वाजलं.

"छान," नर्स म्हणाली. "गोळी वगैरे काही?"

"नाही."

"दुखणं दहापैकी किती?"

"दोन," ताई म्हणाली.

दुकानात येऊन तिने कपड्यांना घडी घालत सांगितलं, "चौदा झाले माझे."

चिमीचे हात थांबले. "पुस्तक वाचून?"

"पुस्तक वाचून. नीट वाचलं तर बरंच असतं त्यात."

त्या दिवशी ताईला जेवण गोड लागलं. शनिवारी सकाळी गुडघा टरारून सुजला होता. पाय जमिनीला टेकवेना. नवरा म्हणाला, "काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही." त्याची चार वाक्यं तिथेच संपली असावीत, त्याने पुढे विचारलं नाही.

आठवडाभर ती घरात पडून होती. पाय मुरगळला म्हणून तिने सांगितलं. शुक्रवारी दुपारी साडेतीनला चिमी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

"आज वर्ग नाही?" ताईने विचारलं.

"सोडला."

"म्हणजे?"

"तू घरबसल्या पुस्तक वाचून चौदा, मी तिथे घाम गाळून बारा. मग उपयोग काय? वर मी तिकडे गेले की दुकान तुझ्या एकटीच्या गळ्यात." चिमी पिशवी गुडघ्यावर नीट बसवत होती. "शिवाय सरांना काय तोंड दाखवू? ते म्हणत होते, तुमची प्रगती सगळ्यांत चांगली."

ताईला आधी आनंदच झाला. हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण झालं ते असंच. आता दोघी सारख्या. दुपारी तीनला कात्री खाली पडणार नाही, लाल गाल दिसणार नाहीत.

ती दुकानात परतली, आणि दोन आठवडे खरंच तसे गेले. दुपारभर दोघी समोरासमोर बसायच्या, जुन्या गोष्टी निघायच्या, चिमी हसवायची. मग एका सकाळी तागा काढायला चिमी स्टुलाशी गेली, एक पाय वर ठेवला, थांबली आणि पाय खाली घेतला. "तू सांग ना गिऱ्हाइकाला उद्या यायला," ती म्हणाली आणि टेबलाला धरून खुर्चीत बसली.

ते बघून ताईला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं याची तिला भीती वाटली. ही तीच मुलगी होती जिला तिने बोट धरून शाळेत सोडलं होतं, आणि तिला बसताना कळ आली म्हणून आपण सुखावतो आहोत. ताईने मशीन थांबवलं.

"चिमे, माझे चौदा खोटे होते."

चिमीने वर पाहिलं.

"गोळ्या खाल्ल्या होत्या. दोन. वहीत लिहिल्या नाहीत. पाय मुरगळला नव्हता, दुखणं दाबून उठले-बसले त्यानेच सुजला होता. पुस्तक मी एकदाच वाचलंय."

"का पण?"

"तुझे बारा झाले म्हणून."

चिमीने हातातलं बटण शिवून पुरं केलं, दोरा दाताने तोडला. मग पिशवी उचलली आणि वेळेआधी घरी गेली. पुढचे चार दिवस दोघींमध्ये फक्त मापं बोलली गेली. छाती अडतीस. उंची बेचाळीस. बाही साडेनऊ.

पाचव्या दिवशी ताई एकटी दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई ओरडतील म्हणून ती मनाशी उत्तरं जुळवून गेली होती. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक कागद काढला आणि तारीख विचारली.

"माझं नाव काढणार का?" ताईने विचारलं.

"नाही. तुम्ही पुस्तकाच्या गटातच राहणार. त्या दिवशीच्या मोजणीपुढे फक्त खरं काय झालं ते लिहीन." त्या लिहीत होत्या. "बरं झालं सांगितलंत. तुमच्या चौदांवर विश्वास ठेवून उद्या कुणाला तरी मी नुसतं पुस्तक देऊन घरी पाठवलं असतं. आणि दोघी एका दुकानात बसता हे मी विचारायला हवं होतं. ती चूक माझी."

"बहिणीला परत वर्गात घ्याल ना? तिने माझ्यामुळे सोडला."

"तिची जागा आहेच. येऊ दे."

ताई उठली, दारापर्यंत गेली आणि राहवेना म्हणून वळली. "आणि मला कधी?"

डॉक्टरबाई हसल्या. "वर्ष संपलं आणि सगळ्या मोजण्या झाल्या, की पुस्तकवाल्यांपैकी ज्यांना हवा त्यांना वर्ग."

दुकानात येऊन तिने चिमीला निरोप सांगितला. चिमी इस्त्री फिरवत होती. ती फिरवता फिरवताच म्हणाली, "तुला माहितीये ताई, अवघड काम आलं की गिऱ्हाईक विचारतं, मोठ्या बाई आहेत का? माझ्या हातात कपडा देताना दोनदा बघतात. इतकी वर्षं. मला वाटलं, एका तरी गोष्टीत मी तुझ्यापुढे गेले." तिने इस्त्री उभी केली. "तेही तू गोळ्या खाऊन काढून घेतलंस."

ताईला हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं शेजारी बसून ठाऊक नव्हतं. तिने चिमीच्या पुढ्यातला गणवेशांचा ढीग ओढून आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, "तीन वाजायला आलेत. जा."

चिमी लगेच गेली नाही. पुढच्या सोमवारी गेली.

पुढची मोजणी सहाव्या महिन्यात झाली. ताईचे आठ आले. चिमीचे दोन दिवस आधी तेरा आले होते. तेरा ऐकून ताईला जुनाच हेवा वाटला होता, हे ती नाकारणार नाही. पण दुखणं दहापैकी किती, असं नर्सने विचारलं तेव्हा तिने सहा सांगितलं, कारण सहाच होतं.

वर्षाअखेरी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एका दालनात बोलावून निकाल सांगितला. वर्गवाल्यांचं दुखणं पुस्तकवाल्यांपेक्षा कमी झालं होतं. सगळ्यांचं नाही, खूप नाही, पण जिने चढता येण्याइतकं. चिमीने टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, थोड्या उशिरा.

त्यानंतरच्या सोमवारी ताई वर्गाला गेली. दुकानात चिमी बसली. सरांनी ताईच्या हातात पिवळं रबर दिलं आणि खुर्चीच्या कडेला बसायला सांगितलं. शेजारच्या खुर्चीत एक गोल चेहऱ्याची बाई होती, ताईपेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी. सर म्हणाले, "उठा." ती बाई ताईच्या आधी उठली. ताईने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला किती दिवस झाले इथे यायला?"

"आजच पहिला," ती बाई म्हणाली.

ताईने रबर दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पुढच्या वेळी जरा जोर लावला.