शेरू ऊर्फ राजाचे फोड

राजूरजवळच्या वस्तीवर संपत आणि कल्याण या दोघा भावांची घरं पाठीला पाठ लावून होती. भाऊ रोज बांधावर बसून एका काडीपेटीवर बिड्या ओढत. त्यांच्या बायका मात्र नऊ वर्षांपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. संपतच्या प्रभावतीनं आहेरात दिलेली साडी तीन लग्नं फिरून पुन्हा तिच्याच मांडीवर येऊन पडली होती. ती फिरवायला सुरुवात धाकट्या जावेनं, बेबीनंदानं केली, याबद्दल प्रभावतीच्या मनात शंका नव्हती.

दोन्ही घरांत कुत्रा एकच. प्रभावती त्याला शेरू म्हणायची, बेबीनंदा राजा. तो दोन्ही नावांना ओ द्यायचा आणि दोन्हीकडं जेवायचा.

पोळ्याच्या सुमारास त्याच्या पाठीवर फोड आले. केस गळाले. प्रभावतीनं कडुलिंबाचा पाला उकळला, त्यात मूठभर मीठ टाकलं, त्या पाण्यानं फोड धुतले आणि वर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली. संध्याकाळी कुत्रा परत आला तेव्हा हळदीचा पत्ता नव्हता आणि अंगाला कापराचा वास येत होता.

"माझी हळद पुसून काढली तिनं," ती संपतला म्हणाली.

"मंग जाऊन सांग तिला."

"मी कामून सांगू?"

तिनं पुन्हा धुतलं, पुन्हा हळद लावली. असं बारा दिवस चाललं. फोड चिघळले, कुत्रा दोन्ही घरं टाळून कडब्याच्या गंजीमागं बसायला लागला. शेवटी दोघं नवराबायको त्याला पोत्यावर बसवून, रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी फोड पाहिले. "काय काय लावलं आतापर्यंत?"

प्रभावतीनं आपलं सांगितलं.

"हा कापराचा वास कशाचा मंग?"

"ते माझं न्हाई."

"ज्याचं असंल त्याला विचारा. सगळं कळल्याबिगर मी औषध देणार न्हाई."

तिनं संपतकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी कुत्रा धरलेला होता. मग त्यानं एक हात सोडला, फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या कानाला लावला.

"कोण?" पलीकडून बेबीनंदा.

"मी."



"कुत्र्याला काय लावलं?" प्रभावतीनं विचारलं. तू म्हणावं की तुम्ही, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

"राजाला? करंजाचं तेल, कापूर. अन् लिंबू. लई झालंय का बाई त्याला?"

प्रभावतीनं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कापूर बिलकुल बंद. चाटलं तर पोटात जातंय. लिंबूबी बंद."

प्रभावतीला बरं वाटलं.

"अन् तुम्ही," डॉक्टर तिला म्हणाले, "जखमेवर मीठ चोळू नये, ही काय नुसती म्हण वाटली का?"

हे पलीकडं ऐकू गेलं. बेबीनंदा हसली नाही, एवढं मात्र प्रभावतीनं लक्षात ठेवलं.

डॉक्टरांनी कातडी खरवडून पाहिली, खरजेचा किडा निघाला. मलम आणि गोळ्या दिल्या. कडुलिंबाचं पाणी चालेल म्हणाले, पण गार, बिनमिठाचं आणि आठवड्यातून एकदाच. शिवाय त्याला चाटू द्यायचं नाही.

ते घरी पोचले तर बेबीनंदा बूड कापलेली प्लास्टिकची बादली घेऊन दारात उभी होती. "गळ्यात घालायला," ती म्हणाली. कडा टोचू नये म्हणून तिनं चिंध्या शिवल्या होत्या.

त्यानंतर रोज सकाळी एक जाऊ डोकं धरायची, दुसरी मलम लावायची. बोलणं फक्त कुत्र्यापुरतं.

"इकडं लाव."

"लावलं बाई."

साडीचा विषय कुणी काढला नाही. महिन्याभरात खपल्या पडल्या, बारीक केस आले, बादली निघाली. कुत्रा उंडारायला लागला. आता सकाळी भेटायचं काही कारण उरलं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी बेबीनंदा आली. कुत्र्याला धरून तिनं त्याचा मागचा पाय उचलला. "हितं अजून लालसर दिसतंय, न्हाई का?"

प्रभावतीनं वाकून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"दिसतंय खरं," ती म्हणाली. "बस. च्या टाकते, मंग बघू."