राखाडी पडदा

पहिला ठोसा कानशिलावर बसला आणि खुदैर खुर्चीसकट कपाटावर जाऊन आदळला. दुसरा नाकावर. मारणारा हातिम टीव्ही दुरुस्त करायचा. हात लहान, पण हातोडीसारखे. त्याची बहीण उम्म नूरी, म्हणजे नूरीची आई, संगणकाच्या पडद्यासमोर बसून होती. बाकड्यावर रांगेत बसलेल्यांपैकी कुणी हललं नाही. त्या वर्षी बगदादच्या शवागारात मारामारी सोडवायला कुणी उठत नसे.

"पडदा चांगला रंगीत आहे," हातिम म्हणाला. "रंग काढला कुणी?"

"मीच काढला." खुदैरच्या तोंडात रक्त आलं होतं.

आलेल्या प्रेतांचे फोटो संगणकात चढवायचे, खाली नंबर घालायचा आणि नातेवाइकांना एकेक करून दाखवायचे, एवढंच त्याचं काम. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओळख पटवायची ती पडद्यावरच. सत्तावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, संगणक आपला आपणच शिकला. सुरुवातीला पडद्यावर अरबी अक्षरं सुटी पडायची, नावाच्या जागी नुसते चौकोन. त्याने महिनाभर डोकं फोडून नवा फॉन्ट बसवला, अक्षरांच्या खडबडीत कडा गुळगुळीत केल्या, म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून आकार दुप्पट केला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. मग एक दिवस त्याने सेटिंगमधली रंगाची पट्टी ओढून शून्यावर नेली. रक्त काळं झालं, मांस राखाडी झालं. आयांना बघवत नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. साफ खोटं. आयांना सगळं बघवत होतं. घास उतरत नव्हता तो त्याच्या घशाखाली. आणि एकाही आईला विचारावं असं त्याला वाटलं नाही.

माणूस चेहऱ्यावरून ओळखतात, अशा भ्रमात तो होता. चेहरे उरले होते कुठे? कुणाचा स्फोटाने नेला, कुणाचा ड्रिलने. म्हणून बायका घरातल्या पुरुषांच्या बनियनला, गळ्याशी, दोरा घालून ठेवायच्या. घरागणिक रंग वेगळा. पोरगा भाकरी आणायला निघाला तरी आधी खूण तपासायची. उम्म नूरीचा दोरा नारिंगी होता.

रविवारी याच खुर्चीत बसून तिने एकशे बारा फोटो पाहिले होते. मेलेले असेच राखाडी दिसत असतील, असं तिला वाटलं. नारिंगी कुठे दिसला नाही. माझा नूरी जिवंत आहे, अबू सुहा, तुझी लेक सुहाही सुखी राहो, असा दुवा खुदैरला देऊन ती गेली. आज बुधवार. नवे फोटो बघायला ती भावाला घेऊन आली, आणि हातिमला एका नजरेत कळलं.

त्याने तिसऱ्यांदा हात उगारला.

"थांब जरा," उम्म नूरी म्हणाली. "आधी दाखवू दे त्याला. मग मार."

खुदैर उठला. नाकातून रक्त कीबोर्डवर टपटपत होतं. त्याने पट्टी मागे ओढली आणि पडदा लाल झाला. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. रविवारचे फोटो पहिल्यापासून सुरू झाले. ती पापणी न हलवता बघत होती. अडतिसाव्याला तिने बोट वर केलं.

डोक्याचा अर्धा भाग नव्हता. बनियनच्या गळ्याशी नारिंगी टाके होते, जवळजवळ, नीट घातलेले.

"कुठंय?"

बेवारस प्रेतांचा ट्रक काल पहाटे नजफच्या कबरस्तानात गेला, खुदैरने सांगितलं. रविवारी नूरी इथेच होता, हेही सांगितलं. सांगताना तोंडासमोर हात धरला नाही. हातिमने त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग खाली बसला आणि स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटू लागला.

उम्म नूरीने भावाकडे पाहिलं नाही. "तिथं कबरीवर काय लिहितात?"

"नंबर, खाला. सिमेंटच्या पाटीवर."

"मग नंबर दे. मोठा काढ. बारीक दिसत नाही मला."

त्याने पान भरेल एवढा आकार दिला. प्रिंटरमधून कागद बाहेर आला. तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं, कागद न दुमडता छातीशी धरला आणि भावाला दंडाला धरून उठवलं.

पुढची बाई खुर्चीत येऊन बसली. खुदैरचा हात पट्टीवरच होता.

"खाला, रंगात दाखवू?"

तिने त्याच्या फुटलेल्या नाकाकडे पाहिलं. मग अबायाच्या टोकाने पडद्यावर उडालेलं त्याचं रक्त पुसून काढलं.

"दाखव," ती म्हणाली.